बिनमायेचं माप

आमच्या भाऊजींना अख्खा बाजार 'सूतभर' म्हणतो. सुतारकामात इंचाचे आठ भाग करतात, त्यातला एक म्हणजे सूत. बाकीचे सुतार दाराला सूत-दोन सूत फट राहिली तर भुसा आणि सरस भरून मोकळे होतात. भाऊजी दार उतरवतात. गिऱ्हाईक म्हणतं, राहू द्या हो, कोण बघतंय. भाऊजी मान वर न करता म्हणतात, सूतभर आहे अजून, आणि रंधा उचलतात. त्यांचं कपाट तीस वर्षांनीही कुरकुरत नाही हे खरं. पण ते हातात पडेपर्यंत गिऱ्हाईक कुरकुरतं, हेही तितकंच खरं. एका घरी लग्नासाठी सांगितलेला पलंग त्यांनी पोहोचवला तेव्हा जोडप्याला मूल झालं होतं. त्यावर यांचं म्हणणं, बरं झालं, कठडा लावायचा की नाही ते तरी ठरलं.

मी त्यांची मेहुणी, ताईची धाकटी बहीण. त्यांना बोलायचा परवाना मला त्यांच्या लग्नातच मिळाला आणि मी तो कधी गंजू दिला नाही. त्यातून माझी एकतीस वर्षं गेली बसस्थानकाच्या तिकीटखिडकीत. कुठे जायचं, किती जण, पुढचा. माणशी वीस सेकंद. असा जन्म काढलेल्या बाईने भाऊजींना एक फळी घासताना दहा मिनिटं बघितलं की तिच्या हातापायांना मुंग्या येतात. बसवर मागे लिहिलेलं असतं ना, अति घाई संकटात नेई, ते वाक्य भाऊजींना एवढं आवडतं की मला बघितलं की ते मोठ्याने म्हणतात.

ताई शिवणकाम करते. करायची. शाळेचे गणवेश, सदरे, झगे, पडदे, बाजारातल्या निम्म्या लोकांच्या अंगावर तिचा टाका असायचा. तिने कापड बेतायला एक मोठं टेबल हवं म्हणून भाऊजींना सांगितलं. ते त्यांनी चार महिने केलं. दर आठवड्याला ही बघायला जायची, झालं का, आणि ते म्हणायचे, सूतभर राहिलंय. टेबल पुरं झालं तेव्हा ते आमच्या घरी आलंच नाही, ताईच त्याच्याकडे राहायला गेली. त्यांचं सूत जमलं ते असं. मूलबाळ झालं नाही. दोघांची दोन दुकानं एकाच भिंतीच्या दोन बाजूंना, इकडे करवत, तिकडे मशीन, आणि मधे एक छोटी खिडकी, चहा द्यायला-घ्यायला.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. ताईला सुईत दोरा ओवताना दोनदा-तीनदा प्रयत्न करावा लागायला लागला. चष्मा बदलला, काही फरक पडेना. मोठ्या डॉक्टरांकडे गेलो, मी बरोबर होते. त्यांनी डोळ्यात औषध घालून दोन तास बसवून ठेवलं, मग पडद्यावर तिच्या डोळ्याचं चित्र दाखवलं आणि मधल्या डागावर पेन ठेवलं. मधलं हळूहळू जाईल, कडा राहतील, असं म्हणाले. म्हणजे समोरच्या माणसाचं तोंड दिसणार नाही, पण त्याच्या बाजूचं दार दिसेल. किती दिवसांत, असं मी विचारलं. वर्ष, दीड वर्ष. काहींचं बरीच वर्षं तसंच राहतं, असंही ते म्हणाले, आणि घरी जाताना भाऊजींना सांगायला ताईने एवढंच शेवटचं वाक्य उचललं.

त्या घरात त्यावर एवढंच बोलणं झालं. "राहीलही," ताई म्हणाली. "राहील की," भाऊजी म्हणाले. आणि दोघं आपापल्या भिंतीआड गेले.

आठवड्याने मात्र ताईने मला सांगितलं की तिला थोडं बघून घ्यायचंय. समुद्रातून सूर्य वर येतो तो, बर्फाचा डोंगर, आणि एक मोठं तळं, ज्याचं चित्र तिच्या दुकानातल्या कॅलेंडरवर होतं. आयुष्यात तिने बघितलं काय तर सुईचं नाक. आणि तिचे डोळे सकाळी पहिले दोन तास बरे असायचे, नंतर शिणायचे. तळ्यापासून तासभर लांबच्या लॉजमधून निघून तिथे पोहोचेपर्यंत तिचा चांगला वेळ वाटेतच सरला असता. तिला तिथेच उठायचं होतं. डोळे उघडले की समोर ते.

भाऊजींनी हे ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी एका लॉन्ड्रीची जुनी व्हॅन घेऊन आले. आत साबणाचा वास अजून होता. मागचे दोन्ही दरवाजे उघडले की आत माणूस वाकून उभा राहील एवढी उंची. यात पलंग करायचा, ते म्हणाले. वर झोपायचं, खाली खण, त्यात कपडे, शेगडी, भांडी, पाण्याचा कॅन, सगळं. मला एवढा आनंद झाला की मी त्यांना एकही टोमणा मारला नाही. नंतर लक्षात आलं, अरे, हा पलंग करणार कोण. सूतभर. आणि कपाळाला हात लावला.

कारण शर्यत उघड होती. एकीकडे ताईचे डोळे, दुसरीकडे भाऊजींचा रंधा. कोण आधी संपतं, एवढंच.

व्हॅनचे ब्रेक धड नव्हते म्हणून ती पंधरा दिवस गॅरेजमध्ये गेली, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. तेवढ्यात फळ्या कापून ठेवू, असं भाऊजींच्या मनात. डॉक्टरकडे जायचा रस्ता गॅरेजवरूनच, म्हणून ताई म्हणाली, माप मी आणते. तिची मोजपट्टी तिच्या गळ्यात कायमच असते, काही बायका साखळी घालतात तशी. ती गाडीत चढली, आडवं मोजलं, उभं मोजलं, चिठ्ठीवर लिहिलं: लांबी बहात्तर, रुंदी छप्पन्न. चिठ्ठी खिडकीतून पलीकडे दिली. भाऊजींनी खिशात टाकली.

इथे शिंप्यांची एक गोष्ट सांगायला हवी. कपडा बेतताना मापापेक्षा थोडं कापड जास्त ठेवतात, शिवणीच्या आत दुमडून राहतं ते. मूल वाढलं, माणूस सुटला, की उसवून सैल करता येतं. त्या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात. ताईचा हात मायेला सढळ. दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच, कमी नाही. तिने शिवलेला गणवेश मुलं तीन-तीन वर्षं घालायची आणि आया तिचं नाव काढायच्या. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिने घरातल्या कोनाड्याचं माप भाऊजींना दिलं होतं तेव्हा फळी तीन इंच लांब झाली. तेव्हापासून ताईने दिलेल्या कुठल्याही मापातून भाऊजी न विचारता तीन इंच वजा करतात. बायकोचा स्वभाव म्हणून.

महिनाभर कापाकापी, मग सांधे, मग सांगाडा, गाडी परत आली तरी सगळं त्या चिठ्ठीवरूनच. चार महिने झाले. या चार महिन्यांत ताईने बारीक शिलाईची कामं घेणं बंद केलं. गणवेशांवर आली, मग नुसत्या पडद्यांवर. मी रोज संध्याकाळी जायची, ताईच्या मशीनचा दोरा ओवून द्यायची आणि भिंतीपलीकडे जाऊन भाऊजींना बोलून यायची. शेवटी एकदाचा पलंग गाडीत चढवला. आम्ही तिघांनीच ढकलला. आणि तो आत जाऊन हलायला लागला. डोक्याकडे तीन इंच फट, बाजूला तीन इंच फट.

भाऊजींचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. ज्या माणसाने सूतभरासाठी दारं उतरवली त्याचे चोवीस सूत चुकले होते, तेही दोन्हीकडे. खिशातून चिठ्ठी काढली, मोजपट्टी लावून लावून गाडी पुन्हा मोजली. लांबी बहात्तर, रुंदी छप्पन्न. माप बरोबर होतं.

"अगं, तू माया नाही धरलीस?" त्यांनी विचारलं.

"लाकडाला कसली माया? तुम्हाला सुतावर माप लागतं म्हणून मी मुद्दाम नेमकं आणलं," ताई म्हणाली. "चौतीस वर्षांत पहिल्यांदा."

"आणि मी नेहमीसारखी तुझी माया कापली," भाऊजी म्हणाले.

ताई गाडीच्या मागच्या पायरीवर बसली आणि हसायलाच लागली. तिला हसताना डोळ्यांत पाणी येतं, लहानपणापासूनच. मी मात्र हसले नाही. मला पुढचं दिसत होतं: हे आता सगळं मोडणार, पुन्हा पहिल्या फळीपासून, आणखी चार महिने. आणि भाऊजींनी खरंच पाना काढला होता.

ताईने पाना हातातून घेतला. तिच्या धंद्यात कापड कमी पडलं तर कपडा फेकत नाहीत, पट्टी जोडतात, असं तिने सांगितलं. बाजूला तीन इंचाची लाकडी पट्टी बसवा, डोक्याकडे पाण्याची बाटली आणि चष्मा उभा राहील असा कप्पा करा, झालं. भाऊजींच्या घशाखाली ते उतरेना. पट्टीचा जोड दिसेल, ते म्हणाले.

"कुणाला?" ताई म्हणाली. "मला तर नाही दिसणार."

असं ती पहिल्यांदाच म्हणाली होती. भाऊजींनी तिच्याकडे बघितलं नाही. त्यांनी पाना पेटीत ठेवला आणि पट्टीसाठी लाकूड शोधायला गेले. आठ दिवसांत पट्टी बसली. जन्मात पहिल्यांदा त्यांनी कामाला जोड दिला आणि चालवून घेतला, म्हणून मला वाटलं, सुटलो. आता नुसते खण राहिले, सहा. खोकी ती. त्यांना किती दिवस लागणार?

दोन महिने.

त्या दोन महिन्यांत काय झालं ते सांगताना मला आजही लाज वाटते. खण बनून तयार होते, मी स्वतः बघितले होते, एकावर एक रचलेले. तरी रोज जावं तर भाऊजी एखादा खण मांडीवर घेऊन काहीतरी कोरताहेत, घासताहेत, बोट फिरवताहेत, पुन्हा घासताहेत. दुकानाचं दार आतून लावून घ्यायचे, दोन-दोनदा वाजवावं लागायचं. तिकडे ताई पडदेही सोडून बसली होती. एका दुपारी मी तिच्याकडे गेले तर तिने मला दारातून नावाने हाक मारली नाही, कोण आहे म्हणून विचारलं. मी तशीच भिंतीपलीकडे गेले.

मी म्हणाले, "भाऊजी, ताईचे डोळे तुमच्या रंध्यासाठी थांबणार नाहीत." ते घासतच राहिले. त्याने मी आणखी पेटले. जे बोलायचं नव्हतं ते बोलले. "तुम्हाला तुमचं काम बिनचूक हवं, तिने काही बघितलं काय, नाही काय, तुम्हाला सारखंच."

त्यांनी पॉलिश पेपर खाली ठेवला. खणाच्या तोंडावरचा भुसा फुंकला.

"आठ दिवस दे," एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही. त्याचाच मला राग आला.

नवव्या दिवशी ते निघाले. मी निरोप द्यायला गेले होते, तोंड फुगवूनच. ताईने गाडीच्या मागून आत चढून पलंगावर हात फिरवला, एकेक खण उघडून बंद केला, आणि बराच वेळ आतच बसून राहिली. मला वाटलं, हिला नीट दिसत नाही म्हणून चाचपतेय. मग बाहेर येऊन पुढे भाऊजींच्या शेजारी बसली आणि गाडी गेली. एकवीस दिवसांनी परत आले. समुद्र बघितला, बर्फाचा डोंगर बघितला, तळ्यावर चार दिवस राहिले. सूर्य मधोमध बघितला की नाहीसा व्हायचा, म्हणून ती त्याच्या जरा बाजूला बघायची आणि मग तो दिसायचा, असं ताईने मला सांगितलं. जमलं तेवढं बघितलं, म्हणाली. मला तेवढं पुरेसं वाटलं. शर्यत आम्ही थोडक्यात जिंकलो, असं मी सगळ्यांना सांगत सुटले, आणि आता ती गाडी विकून टाका असंही सुचवलं.

गाडी विकली नाही. दोघं जातच राहिले. उन्हाळ्यात, थंडीत, कधी चार दिवस, कधी महिना. ताईचं मधलं पुरतं गेलं तरी जात राहिले. आता काय बघायचं असतं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

यंदा मी नोकरीतून मोकळी झाले तेव्हा ताई म्हणाली, चल आमच्याबरोबर. त्याच तळ्यावर गेलो. मला शेजारी तंबू दिला होता. सकाळी उठून बघते तर भाऊजी कॅन घेऊन पाणी आणायला गेलेले, ताई पलंगावर पाय सोडून बसलेली, मागचे दरवाजे सताड उघडे. मी म्हटलं, बस तू, चहा मी करते. आणि शोधायला लागले. सहा खण, सगळे एका रंगाचे, कुठे काय त्याची खूण नाही. पहिल्यात मोजे. दुसऱ्यात दोऱ्या. तिसऱ्यात औषधं. माझी वीस सेकंदं केव्हाच सरली होती.

"सरक," ताई म्हणाली.

तिने हात खाली सोडला. बोटं खणांच्या कडेवरून गेली, थांबली, एक खण उघडला, चहा. पुढे गेली, साखर. मग काडेपेटी, मग चमचा, मग कप, तीन. ती तळ्याकडे तोंड करून होती. एकदाही खाली वळली नाही. चहाचं पाणी ठेवून झालं तेव्हा मी अजून रिकाम्या हाताने उभीच होते.

मी खाली वाकून बघितलं. प्रत्येक खणाच्या वरच्या कडेला बोट घालायला खोबण होती आणि एकही दुसरीसारखी नव्हती. एक अर्धगोल, एक चौकोनी. एकीला शेजारी एक खाच, एकीला दोन. एक लाटेसारखी वळणाची, आणि औषधांची उतरती, बोट आपोआप आत जाईल अशी. कुठे कुसळ नाही, कुठे टोचेल असा कोपरा नाही. बाजूच्या त्या जोडलेल्या पट्टीला वरच्या अंगाला बारीक पन्हळ होती, दरवाजापासून थेट उशीपर्यंत, हाताने धरून जावं अशी. मी चार वर्षं ती गाडी बघत होते. डोळे धड असून.

"हे कधी केलं त्यांनी?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं.

"पहिल्यापासून आहे," ताई म्हणाली. "डोळ्यांवर पट्टी बांधून करायचे. मशीनवरून मला खिडकीतून एवढं अंधुक दिसायचं, कपाळावर पांढरं काहीतरी. मला वाटलं, डोकं दुखतंय यांचं."

म्हणून दार आतून लावलेलं असायचं. मी दोन महिने त्या दारावर हात आपटत होते. त्यांना मी काय काय बोलले होते ते मी ताईला तेव्हा सांगितलं, तिथेच. तिला ते माहीत होतं. भिंत काही एवढी जाड नव्हती.

"मग त्यांनी मला सांगितलं का नाही?"

"कसं सांगतील? तेव्हा आम्ही दोघं 'राहील, राहील' म्हणत होतो ना. ते मला धीर द्यायचे, मी त्यांना." तिने शेगडीची आच कमी केली, तीही हातानेच अंदाज घेऊन. "निघायच्या दिवशी मी आत चढले, खणांवरून हात फिरवला, आणि मला कळलं. डोळे जाणार हे यांनी केव्हाच मान्य केलंय. आणि एका वारीपुरतं नाही केलेलं हे. मी शेवटचं बघायला निघाले होते, यांनी पुढच्या वीस वर्षांचं केलं होतं. मी तिथे बसून खूप रडले बघ. पण त्या दिवसापासून मला भीती नाही वाटली."

मी विचारलं, तू हे त्यांना सांगितलंस का.

"नाही. त्यांना वाटतं, दिसेनासं झाल्यावर मला खुणा हळूहळू सापडल्या. एकेक नव्याने सापडल्यासारखं करून मी सांगायची, अहो, इथे काहीतरी आहे. एवढे खूश व्हायचे. तूही सांगू नकोस."

भाऊजी कॅन घेऊन आले. तो त्यांनी खाली ठेवला, जमीन जरा उतरती होती म्हणून एक चपटा दगड शोधून आणला, कॅनखाली सरकवला, बघितलं, काढला, दुसरा आणला. मी काही बोलले नाही. ताईने त्यांच्या हातात कप दिला, त्यांनी तिच्या हाताखाली आपला हात धरून तो घेतला.

मी म्हणाले, "भाऊजी, त्या दिवशी मी तुम्हाला फार बोलले."

"कुठल्या दिवशी?" ते म्हणाले. "तू तर रोजच बोलतेस."

ताई हसली. मी कप घेऊन गाडीच्या पुढच्या बाजूला गेले, त्यांना दिसणार नाही अशा ठिकाणी, आणि रडून घेतलं. परत आले तेव्हा भाऊजी तिला तळ्याच्या पलीकडच्या काठाला काय काय आहे ते सांगत होते, डावीकडून उजवीकडे, एकही झाड न सोडता, सावकाश. मीही बसले ऐकत.